बहरीनमध्ये पाच दिवस: शमी, मोती आणि गोडं पाणी

वाळवंटातल्या त्या झाडापाशी पोचल्यावर मी आधी फांदी जवळून पाहिली. बारीक, जोडीजोडीनं लागलेली पानं आणि मधूनमधून काटे. ही तर आपली शमी! दसऱ्याला पुजतो तीच. बहरीनमध्ये तिला 'शजरत अल-हयात', जीवनवृक्ष म्हणतात. वय सुमारे ४०० वर्षं. आजूबाजूला वाळू, खडी आणि तेलाचे पाइप, आणि मधोमध ही हिरवीगार. मी बराच वेळ नुसती खाली बसून राहिले.

इथून जवळच जबल अद-दुखान आहे, या देशाचं सर्वांत उंच ठिकाण, फक्त १३४ मीटर! १९३२मध्ये याच डोंगराच्या पायथ्याशी तेल लागलं, आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं. झाडापर्यंत बस जात नाही. राजधानी मनामाहून टॅक्सी करा, थांबण्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा आणि पाणी बरोबर घ्या.

बहरीन म्हणजे अरबीत 'दोन समुद्र'. एक खारा, चोहोबाजूंनी दिसणारा. दुसरा गोडा, जमिनीखालचा, असं तिथं सांगतात. पाऊस वर्षाला जेमतेम सात-आठ सेंटीमीटर, तरी इथं खजुराच्या बागा होत्या त्या झऱ्यांमुळे. काही झरे तर समुद्राच्या तळाशी फुटायचे आणि पाणबुडे चामडी पखालींत तिथलं गोडं पाणी भरून वर आणायचे. उपसा वाढला, झरे आटत गेले. आता नळाला मुख्यतः समुद्राचं क्षार काढलेलं पाणी येतं. या देशाची खरी गोष्ट मला तेलापेक्षा या पाण्यात दिसली.

याच समुद्रातून पाणबुडे मोतीही काढायचे, म्हणून मुहर्रकला एक अख्खा दिवस द्याच. विमानतळ याच बेटावर आहे, पण बहुतेक जण उतरून थेट मनामा गाठतात. जुन्या गल्ल्यांतून साडेतीन किलोमीटरची 'मोत्यांची वाट' जाते, २०१२पासून जागतिक वारसा यादीत. मोती काढायला उन्हाळाभर गलबतं समुद्रात असायची. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, वर दोर धरून बसलेला जोडीदार. गलबताच्या प्रमुखाला म्हणतात 'नोखदा'. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच! आणि मोती विकायला जायचे कुठं, तर मुंबईला. १९३०च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आले आणि हा धंदा बसला. व्यापाऱ्यांच्या घरांतलं गचकाम, म्हणजे गिलाव्यावरचं कोरीव नक्षीकाम, पाहताना त्या घरांतली शांतता अंगावर येते.

संध्याकाळ ठेवा कलात अल-बहरीनसाठी. टेकाडावर पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच्या पोटात चार हजार वर्षांचे थर, अगदी तळाशी दिलमुन संस्कृतीचं शहर. बुरूज पाहून वसई आठवल्याशिवाय राहत नाही. उन्हं कलल्यावर जा, सावली अजिबात नाही.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च. आम्ही जानेवारीत होतो आणि रात्री शमाल, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला की स्वेटर लागायचा. जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास आणि वर समुद्राची दमट हवा. मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नका.

सुट्टी शुक्रवार-शनिवार. हे विसरून आम्ही शुक्रवारी भर दुपारी मनामाच्या बाजारात गेलो. निम्मी दुकानं बंद, ऊन डोक्यावर. तिथंच एका गल्लीत श्रीनाथजींचं मंदिर आहे, सिंधमधल्या ठट्टाई व्यापाऱ्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी उभारलेलं. बाहेर मोगऱ्याचे गजरे विकायला होते. परक्या देशात तो वास आला आणि घशाशी दाटून आलं. बाजारात हिंदी सगळीकडे चालते.

अल-फतेह मशीद इतर धर्मीयांना नमाजाच्या वेळा सोडून पाहता येते, शुक्रवारी मात्र नाही. बायकांना अबाया, म्हणजे अंगभर झगा, तिथंच मिळतो. रमजानमध्ये गेलात तर दिवसा रस्त्यावर खाणंपिणं टाळा.

तिथलं चलन दिनार. त्याचे फिल्स, म्हणजे सुटे पैसे, शंभर नाहीत, हजार. पाटीवर १.५०० असलं तर ते दीड दिनार, घाबरू नका. १९६५पर्यंत तिथं रुपयाच चालायचा. प्लग चौकोनी तीन पिनांचे, अडॅप्टर न्या. आणि मुहर्रकचा केशर-वेलचीचा हलवा घ्याल तेव्हा डबा नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका. तुपानं माझी एक साडी गेली, पण हलवा शेजारपाजारी सगळ्यांना पुरला.