पाणी मुरतंय कुठे?

शिडाची जुनी बोट आहे म्हटलं की लोक आधी तळाची चौकशी करतात. खालून पाणी शिरत नाही ना? अमेरिकेत अ‍ॅनापोलिसजवळ, चेसापीक बे या उपसागरावर असलेल्या आमच्या बोटीच्या तळाची आजवर काही तक्रार नाही. तिचं सगळं दुखणं वर, डेकवर, म्हणजे केबिनच्या छपरावर आहे. दोर बांधायचे क्लीट, दोर ताणायचे विंच, कठड्याचे खांब, झडपांच्या चौकटी, जे जे म्हणून डेकवर पक्कं दिसतं ते बोल्टांनी बसवलेलं असतं, आणि बोल्ट म्हटला की छपराला भोक आलं. पंचवीस-तीस फुटांच्या बोटीवर अशी शंभरावर भोकं सहज निघतात. पाण्याला त्यातलं एक पुरतं.

डेक भरीव असता तर एक वेळ चाललं असतं. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत बांधलेल्या पुष्कळ बोटींसारखा आमचाही डेक तीन थरांचा आहे: वर फायबरग्लास, खाली फायबरग्लास, मधे बाल्साचं लाकूड. बाल्सा हलका असतो आणि दोन थरांत अंतर राखतो, त्यामुळे कमी वजनात डेक ताठ राहतो. पाणी आडवं पसरू नये म्हणून बाल्साचे छोटे ठोकळे रेषा उभ्या ठेवून बसवतात. कल्पना उत्तमच. फक्त ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरायच्या राहिल्या की त्याच फटींतून पाणी हातभर लांब जातं. मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको: डाग तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उमटतो, फुटलेली मोरी चौथ्या मजल्यावर भलत्याच टोकाला निघते, तोवर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे कित्येक वर्षं डाग पडतच नाही. आलेलं सगळं पाणी बाल्सा पिऊन टाकतो. केबिन खडखडीत कोरडी, मालक खूश. या बाबतीत लाकडी बोट परवडली, ती गळते ती उघडपणे. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सागवानी ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली. १९६८ मध्ये ते तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, आणि अटलांटिकमध्येच तळाजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. गडी स्वतः पाण्यात उतरला, सांध्यावर कापूस आणि कॅनव्हासची पट्टी ठोकून वरून तांब्याचा पत्रा मारला. पुढच्या एप्रिलमध्ये बोट इंग्लंडमधल्या फालमथला परत. पाणी दिसलं, जागा सापडली, काम झालं. आमच्यासारख्या डेकवर पहिल्या दोन गोष्टींतच वर्षं जातात.

म्हणून कुणी “आमची बोट अजिबात गळत नाही” म्हणालं की मी मनातल्या मनात त्यांचा डेक ठोकून बघते. ठोकायला स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुरते. सुक्या जागी टणक ‘टक्’ ऐकू येतं. सरकत सरकत कठड्याच्या खांबाच्या बुडाशी आलं की आवाज बद्द होतो.

तिथेच का, याचं गणित सरळ आहे. खांब ६० सेंटिमीटर उंच, बुडातल्या बोल्टांमधलं अंतर जेमतेम ६. धक्क्यावरून चढताना कुणी वरच्या टोकाला ३० किलोचा हिसका दिला की बोल्टांवर ३०० किलोची ओढ येते. पाहुण्यांना मी दर वेळी सांगते, खांबाला धरून चढू नका. पाहुणे मान डोलावतात आणि खांबालाच धरून चढतात.

दुरुस्ती कळायला सोपी, करायला अंगमोड. खांब काढायचा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोकात फिरवला की दोन थरांमधला काळपट, ओला, कुबट वासाचा भुगा सुटून येतो. पोकळी पूर्ण वाळू द्यायची, खालून टेप लावायची, दाट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि ते कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टापुरतं नवं भोक पाडायचं. आता पाणी शिरलंच तरी त्याला लाकूड भेटत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. इथे एप्रिलात पाइनचा पिवळा पराग सगळ्यावर बसतो, ओल्या इपॉक्सीवर तर हमखास. त्याला इलाज नाही.

काढलेले बोल्ट ‘स्टेनलेस आहेत’ म्हणून तसेच परत घालू नयेत. स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर धरणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरावर. ओल्या, कोंदलेल्या भोकात ऑक्सिजनच पोचत नाही. आमच्या एका बोल्टचं डोकं चकचकीत होतं आणि मधली दांडी निम्मी खाल्लेली.

खरी भांडणं सीलंटवरून, म्हणजे भोकं-फटी बुजवायला काय लावायचं त्यावरून. आधीच्या मालकाने जिथे तिथे सिलिकॉन थापलं होतं. त्याचा अंश जरी राहिला तरी वर दुसरं काही धड चिकटत नाही. नवऱ्याचा जीव पॉलियुरेथेनवर, कारण ते घट्ट धरतं. इतकं घट्ट, की पुढे वस्तू काढताना फायबरग्लासचे टवके निघतात. मी ब्युटाइल टेपच्या, म्हणजे चिकट रबरी पट्टीच्या बाजूची. ती कधी वाळत नाही, ताणली तरी तुटत नाही आणि हवं तेव्हा सोडते. डेकवरची वस्तू पुन्हा काढावी लागणार हे धरूनच बसवावी. डिझेलच्या झाकणाला तेवढी ती चालत नाही, तेलात विरघळते.

बसवताना भोकाची वरची कड किंचित उतरती करायची, ब्युटाइलची वात वळून बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळायची, आणि फिरवायचा तो फक्त खालचा नट. वर बोल्ट फिरला की सील गेलं. मी अंगाने बारीक, म्हणून डेकखालच्या लॉकरमध्ये उताणी पडून पाना माझ्या हातात, वर उन्हात बोल्टचं डोकं धरून नवरा.

“धरलायस ना?”

“धरलाय. तू फिरव.”

“अरे, फिरतोय तुझा!”

“माझा नाही, तुझा फिरतोय.”

बोट दुरुस्त केल्याचं कौतुक अर्थातच वरच्या माणसाचं होतं.

थंडीत ब्युटाइल कडक असतं, त्यामुळे एका दमात आवळून भागत नाही. ऊन वाढलं की पुन्हा थोडं, चार दिवसांनी पुन्हा थोडं, आणि कडेने बाहेर आलेली करडी पट्टी प्लॅस्टिकच्या सुरीने कापायची. यंदा राहिल्यात त्या चेनप्लेट, डोलकाठीच्या तारांचा ताण घेऊन डेकमधून खाली उतरणाऱ्या पट्ट्या. तिथला धातू शिडावर ताण आला की हलतो. नवरा म्हणतोय, तिथे तरी पॉलियुरेथेन भरू. आधी उघडून तर बघू, म्हटलं.