चेरीला डिंक, आईला शेवगा

साताऱ्यात अंगणात फुलांची चेरी लावून तीन वर्षं झाली. फूल? एकही नाही. आज सकाळी खोडाला हात लावला तर बोट चिकटलं. कलमाच्या जोडाच्या वर मधाच्या रंगाचा डिंक, आणि त्यात अडकलेली एक मुंगी. आई मागून म्हणाली, "बाभळ लावलीयस व्हय रं? शेवगा लावला असतास तर शेंगा तरी खाल्ल्या असत्या."

चूक माझीच. जपानच्या फोटोंना भुललो. या झाडाला फुलायच्या आधी थंडीची झोप लागते, साधारण ७ अंशांच्या खाली शेकडो तास. आपल्याकडे पहाटे शाल नि दुपारी पंखा! वरून काळी माती. पावसात मुळांशी पाणी तुंबलं की चेरीनं मान टाकलीच.

दुपारी जोडाखालचे दोन धुमारे काढले (ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचे; कलमाच्या तोंडचा घास पळवतात) आणि चर खणून पाणी उताराला लावलं. फांद्याही छाटणार होतो, पण भुरभुर सुरू झाली. ओल्या हवेत कापलेल्या जागेतून रोग शिरतो, म्हणून कात्री परत ठेवली.

गुलाबीच बघायचं तर फेब्रुवारीत बांधावरची उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, पानं गाळून अंगभर फुलते. तिला कोण पाणी घालतंय?

संध्याकाळी बघतो तर आईनं शेजारून शेवग्याची फांदी आणून चेरीपासून चार हातांवर टेकवून ठेवलीय. काही बोलली नाही.