शुद्ध बोललास? काढ पाच रुपये

निपाणीत गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी रात्री आमच्या गल्लीतल्या मंडळाचा कार्यक्रम असायचा, आणि तो मांडवात नाही तर एका जुन्या तंबाखूच्या वखारीत. वखार तेव्हा बंदच होती, पण मालक चांगला माणूस, मागितली की किल्ली द्यायचा. दोन दिवस आधी आम्ही पोरं झाडायचो, पाणी मारायचो, तरी पहिली दहा मिनिटं अख्खं पब्लिक शिंकत असायचं, वास भिंतीतच मुरलेला तो. बाहेरचा पाहुणा रुमाल काढायचा आणि आमच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपर मारून हसायच्या. त्यांना काही व्हायचं नाही, त्यांची नाकं तीस-तीस वर्षं त्याच वासात पिकलेली.

आमच्याकडं तंबाखू म्हणजे नुसतं पीक नाही. अक्कोळ, भोज, गळतगा, बेनाडी, कुठल्याही गावात जा, कुणी लावणारा, कुणी शेंडे खुडणारा, कुणी वखारीत चाळणारा आणि घराघरात बिडी वळणाऱ्या बायका. माझी आज्जी बिडीची, आत्त्या वखारीची. म्हणजे घरातच दोन पार्ट्या. आज्जी म्हणायची वखारीतल्या बायका नुसत्या धुरळा खात्यात, कला कुठं हाय त्यात. आत्त्या म्हणायची, "आमी चाळून दिलं न्हाई तर तुमी काय वळणार, गवत?" हीच भांडणं मंडळाच्या रात्री गाण्यात व्हायची. एका बाजूला बिडीवाल्या, एका बाजूला वखारवाल्या, मध्ये हलगीवाला मामा, आणि सवाल-जवाब सुरू.

गाणी कुणी लिहिलेली नव्हती. जात्यावरच्या ओव्यांची चाल घ्यायची आणि आपलं काम त्यात घालायचं. आज्जीची ठरलेली पहिली ओवी,

पान भिजलं फडक्यात, सूप मांडीवं घेतलं
हजाराच्या मापामंदी आयुक्ष माजं ग बेतलं

हे बेतलं लहानपणी मला नुसतं यमक वाटायचं. नंतर कळलं की तेंदूचं पान पत्र्याचं माप ठेवून कातरीनं कापतात, म्हणजे बेततात, आणि मजुरी हजार बिडीवर. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. आज्जीचं घड्याळ पण तेच होतं. भूक लागली म्हटलं की "आजून दोन कट्टे थांब". आजारी माणसाला बघून यायचं असलं तरी पाच कट्टे झाल्यावर. तिला मिनिटं कळायची नाहीत असं नाही, पण विश्वास कट्ट्यावर जास्त.

सगळ्यात जास्त टाळ्या छाटेच्या ओवीला. छाट म्हणजे चेकर ज्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो त्या, त्याचे पैसे नाहीत. पान आपलं खर्ची, हात आपले खर्ची, वर बोलणी.

छाट काढी मूठमूठ, चेकर डोळं वटारी
घरी छाटंल का कदी बायकोची भाकरी

आणि गंमत म्हणजे एक रिटायर झालेला चेकर अण्णा दरवर्षी पहिल्या रांगेत, पांढरी टोपी घालून, स्वतःवरच्या शिव्या ऐकायला बसायचा. एका वर्षी त्याची तब्येत बरी नव्हती, आला नाही, तर बायकांनी ती ओवी म्हटलीच नाही. कुणाला म्हणायची मग.

आता दंडाचं सांगतो. मंडळाचा नियम होता की माइकवर आला की आपल्या भाषेत बोलायचं, पुस्तकातला शब्द आला की पाच रुपये. एक म्हातारे मास्तर डबा घेऊन शेजारी बसायचे, आयुष्यभर शाळेत आम्हाला "न आणि ण" वरून झोडपलेला माणूस, तोच हितं उलटा दंड वसूल करायचा! मी तेव्हा देवचंद कॉलेजला होतो, म्हणजे घर कर्नाटकात आणि कॉलेज अर्जुननगरला महाराष्ट्रात, रोज चालत राज्य बदलायचो, त्यामुळं डोक्यात जरा हवा होती. उठलो आणि सुरू केलं, "आपल्या संस्कृतीचे जतन आणि संवर्धन करणे ही काळाची गरज..." मास्तर बोटं मोजत होते. पस्तीस रुपये झाले. खिशात वीस होते. उरलेले आत्त्यानं भरले आणि वर सगळ्यांसमोर म्हणाली, "आरं घरात कसं बोलालाईस सकाळी? चा आन म्हनालतास न्हवं?"

आमची बोली म्हणजे तशी कोल्हापुरीच, पण मधनंच कानडी डोकावते. आमच्यात म्हातारी माणसं जेवायला बसवताना मराठीत बोलत बोलत एकदम "कुंद्रि, कुंद्रि" म्हणतात, बसा म्हणायला. कायपल्या म्हटलं की भाजीपाला. थोरल्या बहिणीला अक्का. एकदा बेळगावचे एक पाहुणे आले होते, ७०-७५ किलोमीटरवरनं, त्यांनी माइकवर "मी बी येऊलालो, बघूलालो" असं सुरू केलं तर आमची पोरं हसून लोळली. त्यांना वाटलं दंड बसतोय. मास्तर म्हणाले, दंड कशाचा, तुमचं पण अस्सलच की. भाषेवरनं सीमाभागात किती काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वखारीत कानडी येणाऱ्या बायकांची कानडी गाणी पण व्हायची आणि कुणी डबा पुढं केला नाही कधी.

कार्यक्रमात एक जागा मात्र शांत असायची. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी पुणे-बेंगलोर हायवेवर ठाण मांडून बसलेले, ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच्यावर आमच्यात गाणं नव्हतं. हलगीवाला मामा एकटा उभा राहून संथ वाजवायचा, दोन-तीन मिनिटं, आणि थांबायचा. लहान पोरांना पण कोण गप्प बसा म्हणायचं नाही, आपोआप व्हायची.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते नाटिकेचं वर्ष. मंडळातल्या आम्ही चार शिकलेल्या पोरांनी ठरवलं की नुसती गाणी काय, बिडी कामगारांच्या जीवनावर नाटिका बसवू. (लेखक मीच, त्यामुळं काय बोलू.) मुलींना हिरव्या नऊवारी, नाकात नथ, केसात गजरा, समोर सुपं ठेवलेली, आणि सगळ्या ओळीनं हसत हसत बिड्या वळतायत. आज्जीच्या घरातनं खरी कातर, खरा पत्रा, भिजवलेली पानं आणली होती, तंबाखू तेवढा नको म्हणून लाकडाचा भुसा. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर मागनं आवाज आला, "थांबवा रं ते."

आज्जी होती. काठी टेकत टेकत पुढं आली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर कानफाटात बसतीय. तसं काही नाही. तिनं एका पोरीला उठवलं, तिच्या जागी बसली, एक पाय पसरला, दुसरा मुडपला, सूप मांडीवर घेतलं आणि पाठ अशी वाकवली की समोरच्या लोकांना तिचं तोंडच दिसेना. म्हणाली, "आसं बसत्यात. आनि हसत न्हाईत, मोजत्यात." एवढंच. आणि कातर चालवायला लागली.

आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडं त्या काळात लाईट जायला निमित्त लागायचं नाही. जनरेटर होता पण त्यात डिझेल घालायचं कुणाचं काम होतं यावरनं अंधारातच भांडण सुरू झालं, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की कातरीचा आवाज चालूच आहे. कच कच, मग जरा थांबून परत कच कच. लोक गप्प झाले. मागच्या बाजूच्या बिडीवाल्या बायका आवाजावरनं सांगायला लागल्या, आता पान कापालीया, आता भरालीया, आता दोरा बांधला बघ. मी दोन फुटांवर उभा होतो, मला काही कळत नव्हतं.

लाईट आली तेव्हा सुपात भुशाच्या नऊ बिड्या होत्या, एका मापाच्या, तोंडं मुडपून बंद केलेल्या. टाळ्या पडल्या. आज्जीनं टाळ्यांकडं बघितलं पण नाही, सूप तसंच पुढं सरकवलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या चेकर अण्णाला म्हणाली, "बग रं. काढ छाट."

अण्णा उठला. चष्मा पुसला. एकेक बिडी उचलून बोटात फिरवून बघितली, सावकाश, वखारभर माणसं श्वास धरून बसलेली, आणि शेवटी त्यानं खरंच एक बाजूला काढली.