पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी बर्फाची मशीन

मे महिन्यात आम्हा फ्रीज-एसीवाल्यांना जेवायला वेळ नसतो, त्यात सोलापूरचं ऊन, दुपारी 42-43 ठरलेलंच. अशाच एका शनिवारी तीनच्या सुमाराला जुळे सोलापूरमधनं एका काकूंचा फोन आला, "दादा, बर्फाच्या मशीनला वास यायलाय, उद्या ह्यांची पंचाहत्तरी आहे, साठ माणूस येणार, आज या की." माझ्याकडं विजापूर रोडचे दोन एसी बाकी होते, पण पंचाहत्तरी म्हणल्यावर नाही म्हणवेना, गाडी तिकडंच वळवली.

ओट्यावर ठेवायची छोटी मशीन होती, टाकीत पाणी ओतलं की सात-आठ मिनिटात बुलेटसारखे नऊ तुकडे पाडते ती. मुलानं पुण्याहून आणलेली. दिवाळीला वापरली आणि तशीच झाकण लावून माळ्यावर टाकली, तळातलं पाणी कुणी काढलंच नाही. सहा महिने.

मी दारातनं आत गेलो तर स्वयंपाकघरात ब्लीचचा वास. सूनबाईंनी वास मारायचा म्हणून बाथरूम धुवायचं ब्लीच टाकीत ओतलेलं, आणि काकू पांढऱ्या व्हिनेगरची बाटली उघडून मशीनजवळ उभ्या, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं की व्हिनेगरनं मशीन स्वच्छ होते म्हणून. मी चपला न काढताच ओरडलो, "काकू, ती बाटली आधी खाली ठेवा!" ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला की माणूस गुदमरतो, आणि तिथं ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, दोन पोरं ओट्याखाली खेळायलेली. दोघींचंही वेगवेगळं बघितलं तर बरोबरच होतं, दोन्ही वस्तू एकेकट्या लोक वापरतातच, एकत्र आल्या की घात. अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो.

पोरांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, मशीनचा प्लग काढून ती मागच्या मोरीत नेली. खालचं रबरी बूच काढून सगळं पाणी सोडलं, मग साधं पाणी भरून हलवून ओतून दिलं, असं चार-पाच वेळा, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत. तोवर दुसरं काहीच घालायचं नाही.

मग पंपाची जाळी काढली, तिच्याखाली गुलाबीसर बुळबुळीत थर. साचलेल्या पाण्यात जंतू असा थर धरतात. काकू म्हणाल्या, "पण दादा, बर्फात जंतू मरत्यात की." नाही मरत सगळे. बरेचसे नुसते गोठून बसतात आणि ग्लासात बर्फ विरघळला की परत जागे होतात, आणि उद्या त्या ग्लासातनं पिणार कोण, तर लहान पोरं, म्हातारी माणसं आणि सात महिन्यांची गरोदर भाची. बर्फ हे खाणंच आहे, हे मी प्रत्येक घरी सांगतो. जाळी आणि टोपली भांड्याच्या साबणानं, टाकीचे कोपरे मऊ ब्रशनं घासून काढले.

खरं काम क्षाराचं होतं. आपल्याकडं तेव्हा उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, मधे बोअरचं भरायचे, यांनी पण तेच जड पाणी मशीनला घातलेलं. बर्फ ज्या नऊ दांड्यांवर धरतो त्यांच्यावर पांढरा चुन्यासारखा लेप, आणि एका दांडीवर चाकूचे ओरखडे, कुणीतरी बर्फ खरवडून काढलेला. दांड्यांवर निकेलचा मुलामा असतो, तो गेला की गेला, चाकू तिथं कधीच लावू नये. किराणा दुकानातनं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणायला लावलं, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून टाकीत भरलं आणि त्यातच मशीन दोन-तीन फेऱ्या चालवली, मग अर्धा तास तसंच ठेवलं. लेप सुटून आला. तो बर्फ आणि पाणी दोन्ही मोरीत, परत तीनदा धुणं.

एवढं करून मशीन लावली तर टोपली रिकामी असताना "भरली"चा दिवा! काकूंचा चेहरा पडला. टोपलीच्या वर बाजूला एक छोटा डोळा असतो, बर्फ किती साठलाय ते तो बघतो, त्याच्यावर क्षाराचा पापुद्रा होता. ओल्या मऊ कपड्यानं पुसला, दिवा गेला. मागची जाळीपण धुळीनं भरलेली, ब्रशनं झाडली, आणि भिंतीला चिकटवलेली मशीन वीतभर पुढं ओढली, कारण गरम हवा बाहेर पडली नाही तर ह्या उन्हात कॉम्प्रेसर नुसता धापा टाकतो.

उद्या मशीन गच्चीवर मांडवात ठेवणार होते. मी हात जोडून नको म्हणलं. ही मशीन तासाला जास्तीत जास्त अर्धा किलो बर्फ करते, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि आतली टोपली काही फ्रीजर नाही, बर्फ विरघळून परत टाकीतच जातो. साठ माणसं, पन्हं आणि ताक दोन्ही, माणशी सहा तुकडे धरले तरी अडीच-पावणेतीन किलो लागतो. म्हणून आज रात्रीच फिल्टरचं पाणी घालून सुरू करा, टोपली भरली की पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, लाईट गेली तर आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून लावा, आणि पहिल्या तीन फेऱ्यांचा बर्फ फेकून द्या.

काका इतका वेळ दारात खुर्ची टाकून गप्प बघत बसलेले. चौथ्या फेरीचा एक तुकडा त्यांनी तळहातावर घेतला, वास घेतला, म्हणाले, "आमच्या लहानपणी भुशात घातलेला बर्फ गोणपाटात बांधून आणायचो, घरी येईस्तोवर निम्मा." मग तोंडात टाकला आणि मान हलवली. विजापूर रोडचे एसी मी रात्री नऊला उरकले.

सोमवारी काकूंनी फोटो पाठवला. मशीन पुसून कोरडी, झाकण उघडं, टाकी रिकामी, आणि खालचं रबरी बूच हरवू नये म्हणून दोऱ्यानं हँडलला बांधलेलं.