इकालुइट–रेझोल्यूट लेग: 24 आणि 74 चं कोडं सुटलं

मंडळी, माझ्या फ्लाइट सिम्युलेटरच्या पॅनेलवरच्या डीजीचं (डायरेक्शनल जायरो, म्हणजे जायरोवर चालणारा दिशादर्शक) कोडं सुटलं! जाताना आणि येताना तो वेगवेगळा चुकायचा. त्याची डायल फिरवणारी स्टेपर मोटर ठणठणीत आहे, वायरिंग ठीक आहे आणि सिमचं जायरो मॉडेलही अगदी बरोबर आहे.

लेग (उड्डाणाचा टप्पा) तोच, उत्तर कॅनडातलं इकालुइट ते रेझोल्यूट बे. ग्रेट सर्कलने (पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने) 850 नॉटिकल मैल, म्हणजे साधारण 1,574 किलोमीटर. वारा बंद ठेवला तर एटीआर 42 या विमानाला चढ-उतार धरून साडेतीन तास. मार्ग जीपीएसवर धरायचा, डीजी निघताना एकदाच जुळवायचा आणि पोहोचल्यावर खऱ्या हेडिंगशी (विमानाच्या नाकाच्या दिशेशी) ताडायचा. जाताना तो 24 अंश कमी दाखवायचा, परत येताना 74! तेच अंतर, तोच वेळ आणि फरक तिप्पट. पॅनेल उघडून मोटर बदलली, एन्कोडरचे टाके नव्याने मारले, तरी आकडे जागचे हलेनात.

शेवटी वही घेऊन बसलो. जायरो अवकाशात आपली दिशा धरून राहतो, पण खाली पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि डीजीवर त्यातला अक्षांशाच्या साइनइतका भाग दिसतो. आपल्या सांगलीत तो तासाला साडेचार अंशांच्याही आत. या लेगच्या सरासरी 69 अक्षांशावर तो 14 होतो, म्हणजे साडेतीन तासांत 49. इथवर हिशेब आधीच झाला होता. उरलं होतं रेखांश ओलांडणं. दोन विमानतळांत 26.4 रेखांशांचं अंतर आहे. त्याला त्याच साइनने गुणलं की जवळपास 25 येतात. पश्चिमेला जाताना विमान पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट जातं, म्हणून 49 मधून 25 वजा. पूर्वेला येताना ते मिळवायचे. 24 आणि 74, अंशाला अंश! वहीत ते दोन आकडे उतरले तेव्हाचा आनंद काय सांगू.

हेच 25 अंश कोर्समध्येही (वाटेच्या दिशेतही) दिसतात: निघताना 331, पोहोचताना 306. एकच कोर्स धरून गेलात तर 857 नॉटिकल मैल, फक्त सात जास्त. पण मध्यावर दोन्ही वाटा एकमेकींपासून जवळपास 45 मैल दूर असतात. म्हणून नुसतं अंतर आणि वेळ देणारे तक्ते उत्तरेत माझ्या मते अपुरे आहेत. चुंबकीय होकायंत्राचा तिथे भरवसा नाही. रेझोल्यूटच्या धावपट्टीचे आकडेही खऱ्या उत्तरेवरून आहेत, 17टी–35टी (टी म्हणजे ट्रू). 20 ऑगस्ट 2011 ला तिथेच उतरताना बोइंग 737-200 विमान टेकडीवर आदळलं, 15 पैकी 12 जण गेले. तपासात दिशादर्शक यंत्रणेत शेवटी 17 अंशांची तफावत निघाली. हे अंश किरकोळ नाहीत.

हेडिंग बगचा (डीजीवर हवी ती दिशा दाखवणाऱ्या खुणेचा) नॉब मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिराने शिसवीत करून दिला. सतारीच्या खुंटीइतका नेमका बसलाय. ऑनलाइन मिळणारे प्लॅस्टिकचे नॉब डी-शाफ्टवर (एका बाजूने सपाट दांड्यावर) डुगडुगतात, घेऊ नका.

पुढचा लेग रेझोल्यूट–युरेका ठरला होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं: एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रेझोल्यूटला सूर्य मावळतच नाही. मग डीजी जीपीएसवरून कशाला जुळवायचा? अ‍ॅस्ट्रो कंपासच (सूर्यावरून खरी दिशा काढणारं यंत्र) करू. कुपवाडला लेझर कटिंगवाल्याकडे अ‍ॅक्रिलिकची तबकडी टाकतो, युरेका त्यानंतर. सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) काढणारा, अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालणारा हलका कोड कुणाकडे असेल तर पाठवा. 75 अक्षांशाच्या वर तपासलेला असेल तर फारच उत्तम.