तुम्ही विचारलेत म्हणून: ती सही माझी का होती

‘आयुष्यभर दुसऱ्यांना जगवणाऱ्या बाईला तुम्ही व्हेंटिलेटरही लावू दिला नाहीत?’ हा प्रश्न सासूबाईंच्या दिवसकार्यापासून मला विचारला जातो आहे. काही जण पुढचे वाक्य गिळतात, काही बोलूनच दाखवतात की सही मुलाने नाही, मुलीनेही नाही, सुनेने केली. आजवर मी ‘त्यांचीच इच्छा होती’ एवढे म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आई कोण होत्या हे विचारणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांतल्या कित्येकांच्या घरची बाळंतपणे त्यांनी पार पाडली आहेत. मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागून त्या सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तरी रात्रपाळ्या करून त्यांनी दोन मुले वाढवली, धाकट्या दिरांची शिक्षणे केली. आमच्या घरात लग्न ठरवायचे असो की ऑपरेशन, शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांच्या शब्दावर चालायची सवय असलेल्या घराने तोच शब्द नेमका शेवटी का मोडायला हवा होता, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

त्यांच्या मनाचा माग काढायचा तर अरुणा शानबागपासून सुरुवात करावी लागेल. ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका; तिथेच झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. आई केईएममध्ये नव्हत्या, पण २७ नोव्हेंबर १९७३च्या त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांना अरुणा परकी राहिली नाही. तिचे अन्न थांबवावे अशी याचिका ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांच्या म्हणण्याला मान दिला, तेव्हा आईंनी घरात शिरा केला. ‘इतकी वर्षं अंथरुणावर आहे आणि पाठीला जखम नाही. हे काम काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही,’ असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता.

याच आईंनी, ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधी लिहून ठेवण्याची मुभा मान्य केल्यावर, वहीचे पान काढून रिपोर्ट बुकात लिहावे तशा अक्षरात लिहिले: ‘घशात नळी नको. छातीवर दाबू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. तोंड ओले ठेवावे. धाप लागल्यास औषध द्यावे.’ खाली सही, तारीख आणि शेजारच्या दोघांच्या साक्षी. मी न राहवून विचारले, ‘मग तेव्हा शिरा कशाचा केला होता?’ त्या म्हणाल्या, ‘अरुणाला कोणी विचारू शकत नव्हतं, मला विचारता येतंय. आणि तिला घास भरवणारी माणसं होती. मशीन भरवत नाही.’ कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मुलाकडे का नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘तो रडेल, ती भांडेल. तू वाचून दाखवशील.’

त्या वेळच्या नियमानुसार त्या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचीही सही लागत होती. ‘मरायला कोर्टात जायचं का?’ म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसे घट्ट होत जाण्याचा आजार, कळल्यापासून घरात ऑक्सिजनचे यंत्र आले. २०२२च्या पावसाळ्यात एका रात्री बोटाला लावलेले ऑक्सिमीटर सत्तरच्या वर जाईना, म्हणून आम्ही त्यांना एका खाजगी रुग्णालयात नेले. बायपॅपचा, म्हणजे नळी न टाकता दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क लावला. पट्ट्यांनी गाल चेपले होते, नाकाच्या दांड्यावरची कातडी लाल झाली होती, आणि त्या तशाही अवस्थेत शेजारच्या तरुण सिस्टरला बोटाने खुणावून मास्कखाली कापसाची घडी ठेवायला सांगत होत्या. पहाटेच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. व्हेंटिलेटरची नळी टाकायची का, लगेच सांगा. टाकली तर परत निघेल याची खात्री देता येत नाही, असे ते म्हणाले. माझे पती भिंतीला टेकून खाली बसले. मोठ्या वन्सं म्हणाल्या, ‘एक चान्स तरी द्या.’ मी पर्समधून कागद काढून मोठ्याने वाचला. ‘धाप लागल्यास’ या शब्दांपाशी माझा आवाज थांबला, ते वाक्य वन्संनीच पूर्ण केले, आणि तरीही त्या म्हणाल्या, ‘वहिनी, हे धडधाकट असताना लिहिलंय.’

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कायद्याने तो पूर्ण नाही, म्हणून नकाराच्या फॉर्मवर नातेवाइकांची सही लागेल असे सांगितले. मी आत गेले. कानाशी वाकून विचारले, ‘आई, नळी टाकायची का?’ त्यांनी मान हलवली. मला ती ‘नाही’ वाटली. मास्कच्या हवेने डोके हलत असते, असे वन्सं आजही म्हणतात, आणि त्यांना खोटे पाडणारा पुरावा माझ्याकडे नाही. पतींचा हात पेन धरेना. मी सही केली. धाप कमी करायला त्यांना मॉर्फिन दिले. त्या दुपारपर्यंत होत्या, आणि तोवर मी व त्या सिस्टरने त्यांची कूस बदलली, ओल्या कापसाने ओठ पुसले.

पैसे वाचवले असेही बोलले गेले. आईंचे पेन्शन होते, विमा होता. तरी खर्चाचा विचार त्या रात्री माझ्या मनाला शिवलाच नाही असे मी म्हणणार नाही; तो शिवला, पण सही त्यासाठी केली नाही. हे मी एकटी जाणते, म्हणून सिद्ध करू शकत नाही. तेव्हा मला वाटत होते की माणसाने लिहून ठेवले की प्रश्न मिटला. आता वाटते की आईंनी स्वतःपुरता प्रश्न मिटवला आणि आमच्यासाठी नवा ठेवला. त्यांच्या जागी मीही तसेच करीन का, याचे उत्तर मी दर वेळी वेगळे देते. वन्संच्या जागी मी असते, तर मीही ‘एक चान्स’ म्हटले असते, हेही खरेच.

जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अट सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेला कागद चालतो, आणि निर्णय घेणारे म्हणून एकाहून अधिक जवळच्यांची नावे देता येतात. माझा कागद मी तसा केला आहे. मुलगा आणि मुलगी, दोघांची नावे घातली आहेत, आणि दोघांना एकत्र बसवून तो वाचून दाखवला आहे. मुलगी ऐकून घेऊन गप्प राहिली. मुलाने विचारले, ‘आमच्या दोघांचं पटलं नाही तर?’ त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.