आमची वाटचाल : डिस्कची वाटणी करणारं ऑफिस

शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात पहिल्यापासून एकच काम जीव लावून होतं. एका मशीनवर चार-सहा जणांचा धंदा चालत असताना डिस्कवर कोणी कोणाचा घास पळवायचा नाही, हे बघणं. प्रोसेसरची वाटणी सगळे करतात, मेमरीची मर्यादाही घालतात. डिस्क मात्र मोकळ्या रानासारखी सोडून देतात. आम्ही ती कधी सोडली नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेंटओएस ५ (लिनक्सचा एक प्रकार), साटाच्या ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्का, आणि डिस्कवर कोणाचं काम कधी करायचं ते ठरवणारा शेड्युलर सीएफक्यू. या लाइनीतल्यांना गणित पाठ आहे: तबकडीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, वर हेडची धावाधाव; विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभराच्या पुढे जात नाहीत. एवढ्या तुटपुंज्या पाण्यावर सगळ्यांची शेतं भिजवायची, तर पाटासारख्या पाळ्याच लावाव्या लागतात, आणि सीएफक्यू तेच करायचा. प्रत्येक प्रोसेसला वेळेची एक पाळी, आणि पाळी कुणाची मोठी, कुणाची छोटी, ते आयओनाइस या कमांडने ठरवायचं. तीन वर्ग: रिअलटाइम, बेस्ट-एफर्ट आणि आयडल. बेस्ट-एफर्टमध्ये ० ते ७ पायऱ्या, ० सगळ्यात वरची. आमच्याकडचा प्रत्येक बॅकअप आयडलमध्येच चालायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाचं काम नसेल तेव्हाच.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक म्हणजे रातराणी बसेस चालवणारे अण्णा. त्यांचं बुकिंग संध्याकाळी सहा ते नऊ. पुण्या-मुंबईच्या गाड्यांची सीट तेवढ्या तीन तासांत विकली तर विकली, नाहीतर गाडी रिकामी. अण्णांना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कळत नाही, पण घड्याळ बरोबर कळतं. फोन करून म्हणायचे, "आज चाकं अडकल्यागत होतंय रे, बघ जरा." ते असं म्हणाले की हमखास कुठेतरी अवेट (डिस्कच्या एका विनंतीला लागणारा सरासरी वेळ) वाढलेला असायचा.

सेंटओएस ६ वर आलो आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्यावर जे आलं, ते सविस्तर सांगतो. त्याबद्दल गावभर जे सांगितलं गेलं, ते खोटं होतं.

त्याच मशीनवर एका फोटो अल्बमवाल्या ग्राहकाचं काम होतं. सणाची गर्दी म्हणून त्यांनी फोटोंचं भलंमोठं टार (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) करून त्याच डिस्कवर ठेवायचा जॉब स्वतःच क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत घातला, वेळ संध्याकाळी सातची. आमच्या देखरेखीच्या स्क्रिप्टने तो लगेच पकडून आयडल वर्गात ढकलला. तरी अण्णांचं बुकिंग थांबलं. सीट निवडली, पैसे भरले, की पान फिरतच राहायचं. कोण किती डिस्क वापरतंय ते दाखवणारं आयओटॉप लावलं तर टार अगदी शहाण्यासारखं खाली बसलेलं, आणि वर 'फ्लश-८:०'.

तिथेच सगळी मेख होती. टारने लिहिलेलं थेट डिस्कवर जात नाही, ते आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये साठतं. मग कर्नलचा फ्लशर धागा (तोच वरचा 'फ्लश-८:०') ते आपल्या नावाने डिस्कवर ओततो. आयओनाइस टारवर आहे, फ्लशरवर नाही. वाचनाला लगाम बसतो, लेखन मोकळं सुटतं. आणि डर्टी रेशो, म्हणजे डिस्कवर न गेलेलं लेखन मेमरीत किती साचू द्यायचं ती मर्यादा, मूळची २० टक्के असते. १६ जीबीच्या मशीनवर जवळपास तीन जीबीची थप्पी साचेपर्यंत कुणी कुणाला अडवत नाही. ती थप्पी ओतायला लागली की अण्णांच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा प्रत्येक कमिट (व्यवहार पक्का करणं) एफसिंकवर, म्हणजे डेटा डिस्कवर पोचल्याच्या पावतीसाठी ताटकळतो. त्यात फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) सगळ्यांचं एकच. ऑर्डर्ड मोडमध्ये कमिट करायचा तर आधी दुसऱ्याचा डेटाही लिहून व्हावा लागतो.

नेमक्या त्या आठवड्यात आमच्याच धंद्यातला एक माणूस आमच्या ग्राहकांकडे फिरत होता. नाव घेत नाही. "यांची मशीनच जुनाट, डिस्क दमली," असं सांगून स्वतःची नवी मशीन भाड्याने देत होता. निम्म्याहून जास्त ग्राहक गेले. बिलं थकली, ऑफिसचं भाडं थकलं, हाताखालच्या दोन्ही मुलांना पगार कुठून द्यायचा ते कळेना.

डिस्क दमलेली नव्हती, आणि हे आम्ही त्याच रात्री सिद्ध केलं होतं. डिस्कच्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवणारं ब्लकट्रेस चालवलं. क्यू म्हणजे विनंती रांगेत आली, डी म्हणजे डिस्ककडे गेली, सी म्हणजे पुरी झाली. डी ते सी हे डिस्कचं काम, क्यू ते डी ही रांगेतली ताटकळ. अण्णांच्या विनंत्यांचा बहुतेक वेळ रांगेत जात होता. तो कागद छापून मी प्रत्येक ग्राहकाकडे नेला. वाचला फक्त अण्णांनी. बोट ठेवून विचारलं, "म्हणजे गाडी ठीक हाय, स्टँडवर गर्दी हाय, असंच नव्हं?" आणि पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही.

उपाय आम्ही दोन अंगांनी केला. एक, टक्केवारी सोडून बाइट्समध्ये मर्यादा घातली: डर्टी बॅकग्राउंड बाइट्स (इथून ओतणं सुरू) ६४ एमबी, डर्टी बाइट्स (इथून लिहिणाऱ्याला अडवणं) २५६ एमबी. थप्पी साचूच द्यायची नाही. दुसरा आमचा खरा तोडगा. ब्लकआयओ सीग्रुपमध्ये (प्रोसेसचे गट करून त्यांना डिस्कची मर्यादा घालायची कर्नलची सोय) बॅकअपसाठी वेगळा गट केला आणि वाचनाच्या थ्रॉटल फाइलमध्ये लिहिलं '८:० १०४८५७६०', म्हणजे पहिल्या डिस्कवरून सेकंदाला १० एमबीच वाचायचं. सीग्रुपच्या त्या आवृत्तीत बफर केलेल्या, म्हणजे पेज कॅशमधून जाणाऱ्या लेखनाचा हिशोब गटाच्या नावावर लागतच नव्हता. पण टार जेवढं वाचेल तेवढंच लिहील ना! वाचन धरलं की लेखन आपोआप धरलं जातं. लेखनाला थेट लगाम घालण्याच्या भानगडीत पडू नये. लगाम लागलेली प्रोसेस जर्नलचं दार अडवून बसली तर बाकीचे सगळे तिच्यामागे उभे राहतात.

त्या रात्रीपासून अण्णांचं बुकिंग डिस्कपायी अडकलेलं नाही. गेलेल्यांपैकी काहीजण परत आले. का परत आले हे कोणी बोललं नाही, पण मला माहीत आहे. नव्या मशीनवरही सातचा बॅकअप तसाच धिंगाणा घालत होता.

पुढची वर्षं कामात गेली.

आता सगळीकडे एसएसडी आहे, आणि तो नवी मशीन भाड्याने देणारा माणूस अजूनही सांगतो की वेगवान डिस्क घेतली की प्रश्न मिटला. मिटत नाही. एकाने खोल रांग भरून लिहायला घेतलं की स्वस्त एसएसडीवरही दुसऱ्याचं वाचन ताटकळतं, फक्त त्रास मिलिसेकंदांत मोजावा लागतो. कर्नलवाल्यांनाही हे माहीत आहे, म्हणून तर कर्नल ४.१० मध्ये राइटबॅक थ्रॉटलिंग (मागाहून होणाऱ्या लेखनाला लगाम) आलं, ४.१२ मध्ये बीएफक्यू आणि कायबर हे नवे शेड्युलर आले. सीएफक्यू मात्र २०१९ मध्ये ५.० मधून काढून टाकला. मला वाईट वाटलं. त्याच्या पाळ्यांवर आमचं घर चाललं होतं.

तरुण मुलांना सांगतो, आधी शेड्युलर कोणता आहे ते बघा. 'नन', म्हणजे शेड्युलरच नाही, असं असेल तर आयओनाइसचा काही उपयोग नाही. एमक्यू-डेडलाइन या शेड्युलरलाही कर्नल ५.१४ च्या आधी प्राधान्य कळत नव्हतं. कमांड चुपचाप चालते, चूक दाखवत नाही, आणि तुम्ही निर्धास्त झोपता. सिस्टिमडीत (लिनक्सच्या सेवा चालवणारा भाग) आयओवेट, म्हणजे डिस्कच्या वाटणीतलं वजन, लिहिलं म्हणजे झालं, असंही नाही. खाली ते वजन पाळणारा बीएफक्यू किंवा कर्नलचा आयओकॉस्ट चालू नसेल तर तो आकडा नुसता फाइलीत पडून राहतो. सीग्रुपची दुसरी आवृत्ती वापरत असाल तर आयओ आणि मेमरी हे दोन्ही कंट्रोलर एकत्र चालू करा, तरच ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरचं मागाहून होणारं लेखन ज्याचं त्याच्या खात्यावर पडतं. आणि युटिलचा (डिस्क किती वेळ कामात होती त्याचा) शंभर टक्के आकडा बघून एसएसडी भरली असं ग्राहकाला सांगू नका. समांतर कामं घेणाऱ्या डिस्कवर तो आकडा फक्त 'काहीतरी चालू आहे' एवढंच सांगतो. अवेट बघा, आयओ प्रेशर (डिस्कपायी कामं किती वेळ अडली ते) बघा.

अण्णांचं बुकिंग आता त्यांचा मुलगा बघतो. दिवाळीच्या महिनाभर आधी तो मशीनवर नवा कोणाचा जॉब लागलाय का ते विचारतो, आणि आम्ही क्रॉनची यादी त्याच्यासमोर ठेवतो. या वर्षी यादीत एका क्लासच्या व्हिडिओंचा बॅकअप नवीन आला होता. त्याला सेकंदाला २० एमबीची मर्यादा आणि रात्री दोनची वेळ दिली आहे.